घरी आलेलं लेकरू

आपण शिरूर-दौंडची माणसं. घोड आणि भीमा या नद्यांच्या काठची. म्हणून आज आम्ही कांद्याच्या रोपापासून सुरुवात करतो.

गादीवाफ्यातलं रोप आपण उपटतो आणि दुसऱ्या रानात लावतो. पहिले काही दिवस ते मान टाकतं. म्हणून कोणी त्याला शिव्या देतं का? मूळ धरलं की नाही, हे बघायला रोज उपटून पाहतं का? नाही. आपण पाणी देतो आणि धीर धरतो.

लेकराचंही तसंच आहे.

समजा, एका घरात आई वारली. बाप आजारी पडला. दहा वर्षांचा मुलगा मामाच्या घरी आला. मामीने प्रेमाने जेवू घातलं. पहिला महिना मुलगा गप्प राहिला. मग तो खोटं बोलू लागला. भाकरी चोरून उशाखाली ठेवू लागला. रात्री अंथरूण ओलं होऊ लागलं. शाळेतून तक्रार आली. शेजारीण म्हणाली, "बघा, उपकाराची जाण नाही पोराला!"

असं म्हणू नये. त्या मुलाचं एक घर मोडलं आहे. हे दुसरं घर तरी टिकेल का, ही भीती त्याच्या मनात आहे. उद्या जेवण मिळेल का, या भीतीने तो भाकरी लपवतो. "मी वाईट वागलो तर हे मला हाकलतील का?" हे तो वागून विचारतो. तोंडाने त्याला विचारता येत नाही.

मग आपण काय करावं? त्याचे घास मोजू नयेत. "तुझ्या आईने काय शिकवलं?" असं कधी बोलू नये. आईची आठवण निघाली तर बोलू द्यावं, रडू द्यावं. जेवणाची, झोपेची, शाळेची वेळ ठरलेली ठेवावी. चूक केली तर समज द्यावी, पण मारू नये. आणि "इथून घालवून देईन" ही धमकी तर कधीच देऊ नये.

हे काम एकट्या मामा-मामीवर टाकून चालत नाही. सरकारचीही मदत आहे. आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे. तिला आज सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. फुले पती-पत्नींनी एका विधवेचा मुलगा सन १८७४ मध्ये दत्तक घेतला. तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. सन १८९७ च्या प्लेगात त्याने आईबरोबर रोग्यांची सेवा केली. त्याच सेवेत सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि त्या वारल्या.

या योजनेत सन २०२३ पासून एका मुलामागे दरमहा २,२५० रुपये ठरले आहेत. आईबाप दोघे नसतील, एकच असेल किंवा दुर्धर आजारी असेल, तर अर्ज करता येतो. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात करतात. गावातल्या अंगणवाडी ताईंना विचारा. हा पैसा मुलाच्या वही-पुस्तकाचा, दूध-भाकरीचा आहे. तो दुसरीकडे खर्चू नये.

नात्यात कोणीच नसेल, तर परकं कुटुंबही मूल सांभाळू शकतं. याला प्रतिपालकत्व म्हणतात. सन २०१५ च्या कायद्यात त्याची तरतूद आहे. हे दत्तक नव्हे. मुलाचं नाव-गाव तेच राहतं. समितीची हरकत नसेल तर आईबाप भेटायला येऊ शकतात. मूल कोणत्या घरी द्यायचं, हे बाल कल्याण समिती ठरवते आणि पुढे पाहणीही करते.

म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपलं दौंड रेल्वेचं जंक्शन आहे. मनमाडकडून, सोलापूरकडून गाड्या येतात. एखादं एकटं लेकरू स्टेशनात दिसलं, तर दया आली म्हणून परस्पर घरी नेऊ नका. त्याला शोधणारी आई कुठे तरी रडत असेल. १०९८ वर फोन करा किंवा पोलिसांना सांगा. कायद्याने चोवीस तासांच्या आत कळवावं लागतं. फोनला पैसे पडत नाहीत.

आता शेवटची गोष्ट. काही मुलांचं दुःख प्रेमानेही हलत नाही. मूल आठवडेच्या आठवडे झोपत नाही, जेवत नाही, कोणाशी बोलत नाही. किंवा म्हणतं, "मला जगायचंच नाही." हे नाटक समजू नका. अंगाऱ्या-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध कुलुपात ठेवा. सरकारी दवाखान्यात न्या. १४४१६ या नंबरवर मनाच्या दुखण्याचा सल्ला रात्रंदिवस फुकट मिळतो. मराठीत बोलता येतं. ताप आला की आपण डॉक्टरकडे जातो. मन आजारी पडलं तर जायला लाज कसली?

बंधू-भगिनींनो, तुम्ही आता वाचायला शिकला आहात. हे दोन नंबर वहीत लिहून घ्या : १०९८ आणि १४४१६. भिंतीवरही लिहा.

आणि तुमच्या घरी असं लेकरू असेल, तर आज रात्री त्याला जवळ बसवा. एवढंच सांगा, "बाळा, हे घर तुझंही आहे." एकदा सांगून त्याला खरं वाटणार नाही. पुन्हा सांगा. तसं वागूनही दाखवा. रोप मूळ धरील.