कॅमशाफ्टची पट्टी



मी कॅमशाफ्टवर बोलणार हे कळल्यावर एका स्नेह्यांनी विचारले, "ऐकायला कोण येणार?" म्हटले, राजूर घाट जो कोणी एस. टी.ने चढला आहे, तो येईल. घाटात इंजिनाच्या पोटात काय चालते ते आपल्याला दिसत नाही, ऐकू मात्र येते.

इंजिनाच्या झडपा उघडण्यामिटण्याचे काम कॅमशाफ्टकडे असते. हा एक लांब दांडा. त्यावर ठिकठिकाणी उंचवटे. मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, दोनदा फिरतो तेव्हा हा एकदाच फिरतो. शेतावरचे इंजीन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप मिनिटाला ७५० वेळा उघडली पाहिजे, आणि तीही ठरल्या क्षणीच.

हा दांडा ब्लॉकमधल्या बुशांत फिरतो. बुश त्याला वरखाली हलू देत नाहीत. पुढेमागे सरकण्यास मात्र अडवत नाहीत. आणि सरकवणारा तर घरातच बसलेला! टायमिंग गिअरचे दाते बहुधा तिरपे कापतात, आवाज कमी व्हावा म्हणून. सरळ दाता नुसता फिरवतो. तिरपा दाता फिरवताफिरवता बाजूलाही रेटतो. म्हणून पुष्कळ डिझेल इंजिनांत गिअर आणि दांड्याचा पहिला जाड भाग यांच्यामध्ये एक पट्टी घालून ती दोन बोल्टांनी ब्लॉकला आवळतात. तिला थ्रस्ट प्लेट म्हणतात.

आवळायची ती पट्टी, दांडा नव्हे. दांड्याला मोकळीक हवी. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. नेमका आकडा त्या त्या इंजिनाच्या पुस्तकात असतो आणि तो फिलर गेज घालून मोजायचा असतो. मोकळीक नसेल तर तेल शिरत नाही, पट्टी तापते. फार झाली तर दांडा पुढेमागे धावतो, आणि दाते तिरपे असल्यामुळे धावताना किंचित वळतोही. मग झडपेची वेळ चुकते. गिअर दाबून बसवण्यापूर्वी पट्टी घालायची राहिली, तर तो पुन्हा ओढून काढावा लागतो. नवशिका ही चूक एकदाच करतो.

मी फिटर नव्हे. हे शिकलो ते एका चौकशीमुळे. एका कारखान्यात ट्रकचे इंजीन नव्याने बांधले गेले, आणि पंधरवड्यात गिअरचे दाते तुटून झडप पिस्टनवर आदळली. बांधणी चुकीची, असा ठपका फिटरवर आला; नुकसान पगारातून कापायचे ठरले. त्या वेळी लागू असलेल्या १९३६ च्या वेतन कायद्याप्रमाणे, अशा कपातीपूर्वी कामगाराला बाजू मांडण्याची संधी देणे भाग होते. ती आम्ही मागून घेतली. आदल्या रात्री त्या फिटरने मला कंदिलाजवळ बसवून वर सांगितले ते सारे समजावले. मी तीनदा चुकलो, तो एकदाही चिडला नाही.

चौकशीत मी एवढेच म्हणालो, "पट्टी दाखवा." पट्टीवर नख अडकेल अशी खाच होती. नव्या पट्टीसाठी त्याने भांडाराला चिठ्ठी दिली होती. तिच्यावर शेरा होता : जुनीच वापरावी.

कपात रद्द झाली. ताकीद मात्र नोंदवहीत राहिली. ती काढायला आणखी दीड वर्ष गेले. ती पट्टी त्याने मला दिली, आज बरोबर आणली आहे. सभेनंतर इथे टेबलावर ठेवतो. ज्यांना पाहायची असेल त्यांनी नख फिरवून पाहावे.