गादीचे टाके

(१९९५ च्या दहावीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, जवळपास बोलले तसंच.)



आयोजकांनी मला 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं' असा विषय दिला होता. गेलं वर्षभर ऑफिसात दुसरं काही कानावर पडत नाही, म्हणून मी तो बदलून मागितला. बदलून काय घेतलाय, ते त्यांना आत्ता तुमच्याबरोबरच कळेल. मी मांडीवरच्या खळग्यांबद्दल बोलणार आहे. सेल्युलाइट म्हणतात त्याला. बाई, हसू नका. शरीराचा तो एक धडा तुम्ही आम्हाला "घरी वाचा" म्हणून सोडून दिला होता, त्याची ही थकबाकी समजा.

मागच्या मेळाव्याला आपण रिसॉर्टवर गेलो होतो. वर्गातली पोरं, म्हणजे चाळिशी ओलांडलेली पोरं, ढेऱ्यांसकट तलावात धपाधप उड्या मारत होती. आणि आम्ही अकरा जणी काठावर, सलवारी दुमडून, पाय पाण्यात सोडून बसलो होतो. कुणाला सर्दी होती, कुणी सकाळीच केस धुतले होते, कुणाला क्लोरीन सोसत नव्हतं. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली मी! पोहायचा पोशाख बॅगेत होता, तो तसाच कोरडा परत नेला. कारण माझ्या मांड्या मागून दिसतील ही भीती. अकरातल्या निदान सात जणींचं कारण हेच होतं, हे त्यांनी नंतर मला वेगवेगळं, कुजबुजत सांगितलं.

त्याआधी मी एका 'स्लिमिंग' केंद्रात बारा बैठकींचे पैसे भरून आले होते. शरीरात विषद्रव्यं साठतात, त्यांच्या गाठी होतात, मसाजने त्या फुटतात, असं तिथल्या मुलीने सांगितलं. प्रत्येक बैठकीनंतर दोन दिवस मांड्या खरंच सपाट वाटायच्या. चोळून-दाबून थोडी सूज येते आणि खळगे भरल्यासारखे दिसतात, इतकंच ते होतं. सूज उतरली की मांड्या पहिल्यासारख्या. इंजिनियर असून मी बाराच्या बारा बैठकी पूर्ण केल्या, हे पैसे गेल्यापेक्षा जास्त लागतं.

पण मी या विषयाच्या मागे लागले ती मांड्यांमुळे नाही, आईमुळे. आईला मधुमेह आहे. एका संध्याकाळी तिचा फोन आला, "अगं, पाय दुखतोय. डॉक्टर म्हणाले सेल्यु-काहीतरी झालंय, गोळ्या दिल्यात." माझ्या डोक्यात त्या केंद्राचं माहितीपत्रक. मी म्हटलं, "आई, ते काही नसतं गं, सगळ्या बायकांना असतं. उगाच गोळ्या कशाला?" लेक शिकलेली, म्हणून तिने गोळ्या घेतल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी भावाने फोटो पाठवला. पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत तांबडालाल, तकतकीत, आणि अंगात ताप. तिला सहा दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं, शिरेतून औषधं द्यावी लागली. सिस्टरने लालीच्या कडेने पेनाने रेघ मारली होती, लाली रेघेबाहेर जाते का हे बघायला. दोन रात्री मी त्या रेघेकडे बघत बसले होते.

आईला झाला होता तो सेल्युलायटिस. हा जिवाणूंचा संसर्ग. टाचेची भेग, बोटांच्या बेचक्यातली चिखली, साधं खरचटणं, एवढी वाट त्यांना पुरते. तो बहुधा एकाच पायाला होतो, दुखतो, हाताला गरम लागतो आणि पसरत जातो. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन कळतही नाही, तेव्हा हात लावून बघायचं. वेळेवर प्रतिजैविकं मिळाली नाहीत तर संसर्ग रक्तात जाऊ शकतो. सेल्युलाइट मात्र दुखत नाही, तापत नाही आणि त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

मग नावं इतकी सारखी का? मुळात ती एकच आहेत. आपण ज्याला ब्राँकायटिस म्हणतो त्याला फ्रेंच लोक 'ब्राँशीत' म्हणतात. तसंच सेल्युलायटिसचं 'सेल्युलीत'. १८७३ च्या एका फ्रेंच वैद्यकीय कोशात हा शब्द दाह अशाच अर्थाने आहे. पुढे तिथल्या सौंदर्य मासिकांनी आणि मालिश करणाऱ्यांनी तो मांड्यांवर आणून ठेवला. १९६८ च्या एप्रिलमध्ये 'व्होग'ने तो अमेरिकन बायकांना नवा शब्द म्हणून सांगितला, आणि १९७३ मध्ये त्याच नावाचं एक पुस्तक तिकडे खूप खपलं. म्हणजे खळगे पहिल्यापासूनच होते. त्यांना आजाराचं नाव मिळालं आणि मग इलाज विकता आले. माझी चूक माझीच, पण ती चूक होण्याची सोय आधीच करून ठेवलेली होती.

आता हे होतं कसं. शाळेच्या मागच्या गल्लीत पिंजारी यायचा, आठवतो? धनुकलीचा टणत्कार ऐकून आपण खिडकीकडे बघायचो आणि सर खडू फेकायचे. तो कापूस पिंजून खोळीत भरायचा आणि मग दाभणाने आरपार टाके घालायचा. टाका पडला की तिथे खळगा, आणि दोन टाक्यांच्या मधला कापूस फुगून वर.

आपली कातडी, तिच्याखाली चरबीचे कप्पे, आणि त्याखाली स्नायूंवरचं आवरण. कातडीपासून त्या आवरणापर्यंत चिवट तंतूंचे पट्टे गेलेले असतात, तेच टाके. चरबी वर ढकलते, पट्टे खाली ओढतात, आणि वरून गादी दिसते. १९७८ मध्ये न्यूर्नबर्गर आणि म्यूलर या जर्मन संशोधकांनी मांडलं, की बायकांत हे पट्टे बरेचसे उभे असतात आणि पुरुषांत तिरपे, एकमेकांना छेदणारे, जाळीसारखे. जाळीत चरबी अडकून राहते, वर फुगत नाही. नंतर एमआरआयने पाहिल्यावर चित्र इतकं स्वच्छ निघालं नाही, दोघांतही दोन्ही तऱ्हेचे पट्टे सापडले. पण बायकांत उभ्यांचं प्रमाण जास्त, हे टिकलं. शिवाय पुरुषांची कातडी जाड. म्हणून, मित्रांनो, तुमच्या ढेऱ्या सुटल्या तरी मांड्या गुळगुळीत. त्यात तुमचं कर्तृत्व काही नाही.

हे वयात आल्यावर सुरू होतं, कारण इस्ट्रोजेनमुळे चरबी मांड्या-नितंबांकडे साठू लागते. आईची ठेवणही उतरते. वय वाढलं की कोलॅजेन कमी होऊन कातडी पातळ होते, पट्टे आखडतात, आणि खालचं जास्त दिसायला लागतं. वजन वाढलं की खळगे ठळक होतात, हे खरं. पण काडीसारख्या बायकांनाही ते असतात. प्रौढ बायकांपैकी ८० ते ९० टक्क्यांना ते कमीजास्त असतात, असा अंदाज सगळीकडे दिलेला आढळतो. आमच्या कामात तक्रार आली की पहिला प्रश्न असतो, हे बिघडलंय की मुळात असंच आहे? दहातल्या आठ-नऊ जणींना असलेल्या गोष्टीबद्दल मी तो प्रश्न कधी विचारलाच नव्हता.

उपायांचं थोडक्यात सांगते, कारण तुम्ही विचारणारच. कॅफिन किंवा रेटिनॉलच्या मलमांनी झाला तर थोडासा फरक होतो. चरबी ओढून काढणारी शस्त्रक्रिया यासाठी नाही. टाके तसेच राहतात, कधी खळगे वाढतात. त्वचेचे डॉक्टर बारीक सुईने टाकाच तोडतात, त्याने काही खळगे बरेच दिवस भरून राहतात. टाके विरघळवणाऱ्या एका इंजेक्शनला २०२० मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली होती. कातडीवर काळेनिळे डाग राहतात म्हणून २०२२ च्या अखेरीस कंपनीनेच ते बंद केलं. व्यायामाने स्नायू भरतात, थोडं कमी दिसतं. मी चालते, ते गुडघ्यांसाठी.

आई बरी आहे. रोज रात्री टाचांना तेल लावते, भेगा बघते, बोटांच्या बेचक्या कोरड्या करते. डॉक्टरांनी सांगितलेलं नाव आता ती कागदावर लिहून घेते आणि फोनवर मला एकेक अक्षर वाचून दाखवते. माझ्या मताची वाट न बघता गोळी घेऊन मोकळी होते, ते बरंच आहे.

जाता जाता एक निरोप. उद्या सकाळी सात ते नऊ इथला तलाव आपल्यासाठी राखून ठेवलाय. माझी खोली तळमजल्यावर, जिन्याला लागून. ज्यांना यायचंय त्यांनी पावणेसातला दार वाजवा, मी पोशाख आणलाय. पोरांनो, तुम्हीही या, पण उड्या जरा लांब मारा. आम्हाला पोहायचंय.