तुरुंगांतील शाळा आणि संगणक

महाराष्ट्राला तुरुंग आणि विद्या यांचें नातें नवें नाहीं. मंडालेच्या कारागृहांत लोकमान्य टिळकांनीं ‘गीतारहस्य’ लिहिलें. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं आणि साने गुरुजींनीं तीं टिपून घेतलीं. परंतु या थोर पुरुषांनीं विद्या आपल्याबरोबरच आंत नेली होती. ज्याच्यापाशीं ती मुळींच नाहीं, त्याची वाट काय?

हा प्रश्न मूठभरांचा नव्हे. २०२२ च्या अखेरीस देशांतील तुरुंगांत ५,७३,२२० माणसें होतीं; त्यांपैकीं ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल लागावयाचा होता अशीं. सुमारें दोन-तृतीयांश बंदी दहावीपर्यंतही पोंचलेले नव्हते.

भातसानगरच्या धरणाचें पाणी मुंबईच्या घराघरांत जातें. त्याच शहापूर-मुरबाड भागांतील एखाद्या कातकरी पाड्यावरचा तरुण कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातां जातां त्याची शाळा सुटली. पुढें तो कांहीं खटल्यांत सांपडला आणि ठाण्याच्या किंवा कल्याणच्या कारागृहांत आला. यशवंतराव चव्हाण व इंदिरा गांधी या मुक्त विद्यापीठांचीं अभ्यासकेंद्रें राज्यांतील कारागृहांत चाललीं आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि पदवीचा अभ्यासक्रम दीर्घ मुदतीच्या कैद्याला सोयीचा. ज्याला जामीन उद्यां मिळेल कीं वर्षानें, हें ठाऊक नाहीं, आणि ज्याला अजून अक्षरओळखही पुरती नाहीं, त्याला त्याचा काय उपयोग?

येथें संगणक कामास येतो. विद्यार्थी ज्या दिवशीं येईल त्या दिवशीं त्याचा पहिला धडा सुरू होतो. अक्षर कानांवर पडतें, चुकल्यास पुन्हां पडतें, आणि वयानें मोठ्या माणसास कोणी हंसत नाहीं. बाहेर संदेश जातील ही अधिकाऱ्यांची भीति रास्त आहे. परंतु सर्व धडे एका यंत्रांत सांठवून बाकीचीं यंत्रें भिंतींच्या आंतच जोडतां येतात. इंटरनेटची गरजच उरत नाहीं. मात्र शिकविणारें माणूस हवेंच. शिकलेला एखादा बंदी शेजारीं बसला नाहीं, तर उद्घाटनानंतर त्या खोलीला कुलूपच लागावयाचें.

गुन्हेगारांचे हे लाड कशाला, असें कोणी विचारील. पण निकाल लागेपर्यंत कच्चा कैदी कायद्याच्या दृष्टीनें गुन्हेगार नव्हे. आणि शिक्षा झालेल्याचेही मूलभूत हक्क तुरुंगाच्या दाराशीं संपत नाहींत, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं सुनील बत्रा खटल्यांत स्पष्ट केलें आहे.

आज सातबारा, जातीचा दाखला, नोकरीचा अर्ज हीं सारीं कामें संगणकावर चालतात. तुरुंगांतून सुटून पाड्यावर परतलेला तरुण स्वतःचा अर्ज स्वतः भरूं शकला, तर तो दलालाच्या दारांत उभा राहणार नाहीं. तुरुंगांतील शाळेची खरी परीक्षा तीच. प्रशस्तिपत्रकें किती वांटलीं, यावरून तिचें मोल ठरवूं नये. आणि जें प्रमाणपत्र द्यावयाचें, त्यावर तुरुंगाचें नांव नसावें, एवढी दक्षता समाजानें अवश्य घ्यावी.