क्लच नसलेली गाडी घ्यावी का?

आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका मसाला गटाच्या बारा जणी. आज चटणी-मसाल्याचं नाही, गाडीचं बोलणार आहोत. गटासाठी छोटी गाडी घ्यायची ठरली, की शोरूमवाला विचारतो, "गिअरची देऊ का ऑटोमॅटिक?" त्याचं उत्तर कसं शोधायचं, ते आमच्या अनुभवावरून सांगतो.

चार वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी, गिअरची गाडी घेतली होती. पाच जणींनी तालुक्याला क्लास लावून लायसन्स काढलं. पण चालवायची एकटीच. बाकी चौघींची गाडी चढाला हाफ क्लचवर बंद पडायची, मागून हॉर्न वाजायचे, अंगाला घाम फुटायचा. मग लायसन्स कपाटात आणि गाडी दारात. एकदा त्या एकटीच्या घरी आजारपण आलं. पुण्याच्या प्रदर्शनाचा माल गाडीत भरलेला, आणि ड्रायव्हर मिळेना. दोन दिवसांची विक्री बुडाली. त्या रात्री आम्ही ठरवलं, पुढची गाडी आपल्या सगळ्यांना चालवता येईल अशीच घ्यायची.

स्वस्त छोट्या गाड्यांत जी ऑटोमॅटिक मिळते, ती बहुतेक एएमटी प्रकारची असते. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. आता वॅगन आर, टियागो अशा बऱ्याच गाड्यांत मिळते. आत क्लच असतो, गिअरही तेच असतात. फक्त आपल्या पायाऐवजी एक यंत्र क्लच दाबतं आणि गिअर बदलतं. आपल्या पायाशी दोनच पायडल, ब्रेक आणि रेस. सीव्हीटी नावाचा दुसरा प्रकार जास्त मऊ चालतो, पण तो बहुधा महाग पडतो.

एएमटीला गिअरच्या गाडीपेक्षा सुमारे ५० हजार रुपये जास्त मोजावे लागतात. आमच्या बैठकीत यावर चांगलंच वाजलं. एक जण म्हणाली, "तेवढ्या पैशाला हात लावू नका, कांडप यंत्राला लागतील." तिचं चूक नव्हतं. मग आम्ही हिशेब मांडला. ड्रायव्हर एका फेरीचे ८०० रुपये घेतो. म्हणजे ५० हजारांत ६२ फेऱ्या. आठवड्याला एक फेरी धरली, तर साधारण चौदा महिन्यांत जास्तीचे पैसे वसूल. मायलेजही गिअरच्या गाडीच्या आसपासच मिळतं. पण बायांनो, हा हिशेब तेव्हाच खरा, जेव्हा बाया खरंच गाडी चालवतील. घरचा पोरगाच चालवणार असेल, तर गिअरची गाडी घ्या आणि पैसे वाचवा.

आता या गाडीच्या खोडी. गिअर बदलताना ती किंचित मान डोलावते, विशेषतः पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना. तेवढ्यापुरता रेसवरचा पाय हलका केला, की झटका कमी बसतो. ट्रकला ओलांडताना ती विचार करत थांबते, म्हणून पुढे मोकळी जागा बघूनच ओलांडा.

चढाचं नीट ऐका. घाटात गर्दी तुंबली, की गाडी चढावर उभी राहते. काही गाड्यांत मागे न सरकण्याची सोय असते, पण ती दोन-तीन सेकंदांपुरतीच. म्हणून हँडब्रेक ओढा, रेस द्या, गाडी पुढे ओढायला लागली की हँडब्रेक सोडा. थांबलेली गाडी रेसवर धरून ठेवू नका. आतला क्लच जळतो, आणि त्याचा खर्च मोठा असतो.

डावा पाय बाजूला ठेवायचा. जुन्या सवयीने क्लच समजून तो जोरात पडला, तर ब्रेक लागतो आणि मागची गाडी आपल्यावर येते. 'डी'वर असताना ब्रेक सोडला, की रेस न देताही गाडी हळूहळू पुढे सरकते. म्हणून माल उतरवायला खाली उतरायचं, तर आधी हँडब्रेक, मग गाडी बंद. दारात पोरं खेळत असतात, हे विसरू नका.

आणखी एक. बॅटरी उतरली, तर ही गाडी धक्का मारून चालू होत नाही. बॅटरी वेळेवर बदला आणि दुसऱ्या गाडीवरून करंट घ्यायची वायर डिकीत ठेवा.

पैसे भरण्याआधी चार गोष्टी करा. जिला सर्वांत जास्त भीती वाटते, तिलाच आधी चालवायला बसवा. गाडीत चार जणी बसून चढावर थांबवून बघा. शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर काही कळत नाही. जवळच्या गॅरेजमध्ये एएमटीचं काम करतात का, ते विचारा. आणि जुनी घेत असाल, तर ओळखीच्या मेकॅनिकला नेऊन क्लच तपासून घ्या.

"गिअर टाकता येत नाही म्हणून ही गाडी घेतली," असं गावात लोक म्हणाले. म्हणू देत. आज आमच्यातल्या पाचही जणी गाडी चालवतात. एकीचे गुडघे दुखतात, तरी तीसुद्धा पुण्यापर्यंत जाते. एकीला अडचण आली, तर दुसरी चावी उचलते. जास्तीचे पैसे आम्ही त्यासाठी मोजले.

तुमच्या गटातही अशी लायसन्सं कपाटात पडून असतील. पुढच्या बैठकीत ती बाहेर काढा, आणि गाडी कोण चालवणार, हे आधी ठरवा. कोणती घ्यायची, ते मग आपोआप ठरेल.