आजीची बोली आणि नातवाचा मोबाइल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. भाषण करण्याचा मला सराव नाही. तरी मनात बरेच दिवस घोळणारा एक विचार आपल्यापुढे मांडते.

दिवाळी झाली की आपल्या भिवंडी तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. त्यांचे मूल बालवाडीत आले, तर कोपऱ्यात गप्प बसते. लोक म्हणतात, मूल मंद आहे. पण तेच मूल भट्टीवर धाकट्या बहिणीला खेळवताना अखंड बोलत असते! मग मुके कोण? त्याच्या बोलीतला एकही शब्द जिला येत नाही, ती बालवाडीच मुकी म्हणायची.

हे दुःख आपल्या कोनच्या आगरी बायकांना परके नाही. ‘मना पानी दे’ म्हटले की वर्गात हशा पिकायचा. हळूहळू पुष्कळ घरांतून आगरी बोलणे मागे पडले. आता लग्नात धवला गाण्यासाठी धवलारीण शोधत फिरावे लागते. वारल्यांच्या लग्नातही धवलेरी असतेच. नावे जवळची, काम तेच, आणि दोघींच्या मागे शिकणाऱ्या मुली थोड्या.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले व पुढे १९५७ च्या सुमारास ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. महागडे साहित्य आणण्याऐवजी त्यांनी बिया, पाने, शिंपले वापरले. जवळ जे आहे त्यातून शिकवायचे, हाच त्यांचा धडा. आज आपल्याजवळ घरोघरी काय आहे? मोबाइल! मग तोच आपला शिंपला.

कृती सोपी आहे. एखाद्या आजीला आपल्या बोलीतले शब्द, गोष्ट, अंगाईगीत म्हणायला सांगावे आणि मोबाइलवर ध्वनी टिपून घ्यावा. वस्तूचे चित्र मुलांनीच काढावे. खाली देवनागरीत तो शब्द लिहावा व शेजारी पुस्तकी मराठी शब्द. मूल चित्र पाहील, आजीचा आवाज ऐकेल, अक्षर ओळखेल. डोळे, कान आणि जीभ एकदम कामाला लागतात, म्हणून शब्द पक्का बसतो. ध्वनी टिपताना मात्र यंत्रमागांची खडखड नको. माग बंद असतील तेव्हाच बसावे.

असे प्रयत्न इतरत्रही झाले आहेत. ऑस्ट्रेलियात २०१७ साली ‘लिटल जे अँड बिग कझ’ ही मुलांची चित्रमालिका निघाली आणि तिचे भाग तेथील मूळ रहिवाशांच्या भाषांतही बोलते करण्यात आले. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी शाळा काढली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य तेथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. संयुक्त राष्ट्रांनी तर २०२२ ते २०३२ हे दशक अशा भाषांना वाहिले आहे.

कोणी म्हणतील, मुलांना इंग्रजी हवे, ही बोली कशाला? अहो, पहिली पायरी घरची असली की मूल दुसरी पायरी न अडखळता चढते. बोली आली म्हणून मराठी-इंग्रजी अडत नाही. अडते ते घाबरलेले मूल.

दोन गोष्टींचे भान मात्र ठेवावे. गाणे त्या आजीचे आहे. तिची परवानगी घ्यावी, तिला ऐकवावे, आणि तिने नको म्हटले तर पुसून टाकावे. दुसरे, मोबाइल मुलाच्या हाती देऊन आपण स्वयंपाकाला लागायचे नाही. यंत्र शब्द म्हणून दाखवते, पण मुलाने उत्तर दिले तर ते ऐकत नाही. ऐकायला माणूसच शेजारी बसावे लागते.

म्हणून माझी सूचना अशी : येत्या दिवाळीनंतर मंडळाच्या तीन भगिनींनी आठवड्यातून एक दुपार भट्टीवर जावे आणि पहिले पन्नास शब्द जमवावेत. त्याच वेळी आपल्या गावातल्या धवलारणींचेही आवाज टिपून ठेवावेत. त्या थकल्या आहेत. थांबायला वेळ नाही. पहिले नाव माझे लिहावे. उरलेली दोन आज येथेच ठरावीत, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.