खरं असलं, तरी...



‘उचलली जीभ, लावली टाळ्याला’ असं आपण दुसऱ्याविषयी सहज म्हणतो. स्वतःवर वेळ आली, की आपलं उत्तर ठरलेलं असतं : ‘मी काय खोटं बोललो? खरं तेच सांगितलं.’ आज या उत्तराविषयीच थोडं बोलू या.

बायबलच्या नव्या करारात याकोबाचं पाच अध्यायांचं छोटं पत्र आहे. त्याच्या तिसऱ्या अध्यायात जिभेसाठी घोड्याचा लगाम, जहाजाचं सुकाणू आणि रान पेटवणारी ठिणगी, असे दाखले दिले आहेत. वस्तू लहान, परिणाम मोठा. ज्या मुखाने देवाची स्तुती करायची, त्याच मुखाने माणसाला शाप द्यायचे, ही विसंगती याकोबाला सहन होत नाही. रविवारची मिस्सा संपते आणि चर्चच्या आवारातच कुणाच्या तरी घरातली भानगड चघळायला सुरुवात होते, तेव्हा हा अध्याय आठवावा.

दहा आज्ञांपैकी एक आज्ञा खोटी साक्ष देण्यास मनाई करते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथाने या आज्ञेचा अर्थ बराच खोलवर नेला आहे. पुरेशा आधाराशिवाय कुणाला मनातल्या मनात दोषी ठरवणं आणि खोटं सांगून बदनामी करणं, हे तर अपराध आहेतच. पण योग्य कारण नसताना, ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यापुढे दुसऱ्याचा खराखुरा दोष उघड करणं, हाही अपराधच आहे.

समजा, एका तरुणाने दहा वर्षांपूर्वी दारू सोडली. आज तो नीट कामावर जातो, घर सांभाळतो. नव्या शेजाऱ्याला कुणीतरी सहज सांगतं, ‘पूर्वी हा किती प्यायचा, ठाऊक आहे?’ वाक्य खरं आहे. पण त्यामुळे कुणाचं भलं झालं? दहा वर्षं कष्टाने मिळवलेली पत मात्र गेली.

मग गप्पच बसायचं का? मुळीच नाही. मुलाला मारहाण होत असेल, सुनेचा छळ होत असेल, तर बोललंच पाहिजे आणि जो थांबवू शकेल त्याच्याकडेच बोललं पाहिजे. आपल्यावर कुणी अन्याय केला तर काय करावं, याचा क्रम मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने सांगितला आहे. आधी त्याला एकट्याला भेटावं. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत न्यावं. मंडळीपुढे जायचं ते त्यानंतर. आपण उलटं करतो. साऱ्या गावाला कळतं आणि त्या माणसाला सर्वांत शेवटी.

हा रोग मोठ्या ठिकाणीही असतो. २२ डिसेंबर २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमधल्या आपल्या सहकाऱ्यांना नाताळच्या शुभेच्छा देताना पंधरा आजारांची यादी वाचून दाखवली होती. कुचाळक्या हा त्यातलाच एक.

एक साधी कसोटी आहे. ज्याच्याविषयी आपण बोलतो आहोत तो आत्ता दारातून आत आला, तर मी हे वाक्य पूर्ण करीन का? मोबाइलवर आलेला निरोप पुढे पाठवतानाही हेच विचारावं.

आणि वाक्य निसटून गेलंच असेल, तर नुसता पश्चात्ताप पुरत नाही. दुसऱ्याच्या नावाची झालेली हानी शक्य तितकी भरून द्यावी, असं तोच धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. त्या नव्या शेजाऱ्याकडे पुन्हा जावं आणि त्या तरुणाची ही दहा वर्षंही सांगावीत.