निवडणूक आणि घरची प्रार्थना

निवडणूक जवळ आली कीं जेवणाच्या पंक्तींतही दोन पक्ष पडतात. मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांना हें चांगलें ठाऊक होतें.

१७७४ च्या ऑक्टोबरांत इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं पार्लमेंटची निवडणूक होती. मत तेव्हां गुप्त नसे, चारचौघांत द्यावें लागे. गुप्त मतदान आलें तें १८७२ सालीं. त्यांतही तेथें ‘फ्रीमन’ म्हणजे सनदी नागरिकाच्या कन्येशीं विवाह केल्यानें मताधिकार मिळे. सासऱ्याच्या पुण्याईनें लाभलेलें मत सासऱ्याच्याच उमेदवाराविरुद्ध, आणि तेंही सर्वांदेखत! वेस्लींनीं आपल्या अनुयायांस सांगितलें, कीं लांच न घेतां योग्य माणसास मत द्यावें, प्रतिस्पर्ध्याची निंदा करूं नये, आणि दुसऱ्या बाजूच्या मतदारांविषयीं मनांत कडवटपणा येऊं देऊं नये.

पहिल्या दोन गोष्टी चावडीवरच्या. तिसरी घरची, म्हणूनच कठीण. तींत खुद्द वेस्लींचे वडीलच अनुत्तीर्ण झाले होते. सॅम्युएल वेस्ली हे एप्वर्थचे धर्मोपदेशक. घरच्या प्रार्थनेंत राजा विल्यमसाठीं केलेल्या विनंतीस पत्नी सुझॅना ‘आमेन’ म्हणेनात. पदच्युत राजघराण्याचाच हक्क त्यांना खरा वाटे. घरांत राजे दोन, तर शेजाही दोन हव्यात, असें म्हणून सॅम्युएल निघून गेले. मुलेंबाळें मात्र सुझॅनांच्या पदरीं! १७०२ सालीं त्यांनीं एका पत्रांत लिहिलें, कीं पतीनें आपलीं मतें खुशाल बाळगावीं, परंतु आपल्या विवेकाचें एवढेंसें स्वातंत्र्य हिरावूं नये.

कांहीं महिन्यांनीं सॅम्युएल परतले. जॉन यांचा जन्म त्यानंतरचा, १७०३ चा.